रिकाम्या हाताचा सोमवार

रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस लागला की समजायचं, गाड्या जिनिंगच्या कारखान्याकडे निघाल्या. बाभळीला कापूस लागत नाही, हे मलाही कळतं. ट्रॉल्या ठासून भरलेल्या असतात, वर आलेला कापूस फांद्यांना घासतो आणि काट्यांत पुंजके अडकून राहतात. परवा सेलूच्या रस्त्याने जाताना बसच्या खिडकीतून ते पुंजके दिसले आणि मी डोळे मिटून पुढच्या सीटला कपाळ टेकलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय झालं मॅडम, गाडी लागते का?" मी हो म्हटलं. खरं काय ते सांगायला त्यांचा स्टॉप फार जवळ आला होता.

आज रविवार. दुपारचे चार वाजलेत आणि माझ्यासमोर वही उघडी आहे. रविवारी चार वाजता चहा घेऊन वही उघडायची आणि पुढचा आठवडा लावायचा, ही माझी तीस वर्षांची सवय. लावायचा म्हणजे अक्षरशः लावायचा, फडताळात डबे लावतात तसा. नोकरीला लागले तेव्हा आम्हा नव्या शिक्षकांचं एक शिबिर झालं होतं. तिथल्या प्रशिक्षकांनी फळ्यावर बैलगाडीचं चाक काढलं आणि म्हणाले, एक आरा आखूड असला की सगळी गाडी धक्के खाते. काम, घर, शरीर, मन, माणसं असे पाच आरे. सगळ्यांना दर आठवड्याला थोडं थोडं द्या, आयुष्य कसं गुळगुळीत चालेल. बाकीचे शिक्षक जेवणाची वाट पाहत होते. मी मात्र तेव्हाच वही विकत घ्यायचं ठरवून टाकलं. मला असल्या गोष्टी पटतात. माझा स्वभावच आहे तो, त्याला इलाज नाही.

तेव्हापासून प्रत्येक आठवड्याला दोन पानं. डाव्या पानावर मागच्या आठवड्यात काय झालं, उजव्या पानावर पुढच्या आठवड्यात काय करायचं, आणि त्याचे पाच चौकोन. उजवं पान मी नेहमी भरगच्च भरलं. डावं बहुतेक वेळा कोरं राहिलं. झालेल्या गोष्टींवर वेळ कशाला घालवायचा, असं वाटायचं. जे राहून गेलं त्याच्यापुढे एक बाण काढायचा आणि ते पुढच्या आठवड्यात ढकलायचं, एवढंच माझं सिंहावलोकन.

कॉलेजात मी गणित शिकवायची. पण ओळख होती ती वेळापत्रकवाल्या मॅडम म्हणून. अठ्ठावीस शिक्षक, नऊ खोल्या, दोन प्रयोगशाळा, आणि प्रत्येकाला पहिला तास नको, शेवटचा तर नकोच नको. तरी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझं वेळापत्रक फलकावर लागलेलं असायचं. त्या मोठ्या कागदासमोर उभं राहून, एकही तास दुसऱ्यावर चढलेला नाही हे पाहताना जे सुख व्हायचं, ते मला दुसऱ्या कशाने झालं नाही. लग्न केलं नाही, म्हणून लोक म्हणायचे, मॅडमचं वेळापत्रकाशी लागलंय. म्हणोत बापडे.

गेल्या जूनमध्ये निवृत्त झाले. वर्ध्याच्या या दोन खोल्यांत आता मी आहे आणि सात वारांचे सात दिवस आहेत. वही तरी सोडवत नाही. काम या चौकोनात या आठवड्यात मी 'गॅसचा नंबर लावणे' असं लिहिलंय. शरीर : चालणे. मन : पेटीचा रियाज. ही पेटी मी सहा महिन्यांपूर्वी माळ्यावरून काढली आणि तिच्यावर सध्या इस्त्रीचे कपडे असतात. माणसं या चौकोनात मागच्या आठवड्यात काय लिहिलं होतं, ते सांगायची लाज वाटते. 'समोरच्या वहिनी : विरजण मागणे.' माझ्या फ्रिजमध्ये दही होतं, चांगलं घट्ट होतं. मी वाटी घेऊन गेले, वहिनींनी दारातच विरजण दिलं, "बसा ना" म्हणाल्या, पण त्यांच्या हाताला कणीक होती. दोन मिनिटांत परत आले आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली.

मला एकटं वाटतं. लिहिलं एकदाचं. तीस वर्षांच्या वह्यांत हे वाक्य कुठेच सापडणार नाही.

तर सोमवारबद्दल लिहायला बसले होते.

आमचं शेत सेलूच्या अलीकडे, गावापासून दहा मिनिटं चालत. काळी जमीन, पऱ्हाटी म्हणजे कपाशी, आणि मध्ये मध्ये तुरीच्या ओळी. आमच्याकडे पूर्वी सोमवारी बैल जुंपत नसत. महादेवाचा वार, नंदीची सुट्टी. कितीही घाई असो, पिकातलं तण काढायचं डवरणं अर्धं राहिलेलं असो, सोमवारी बैल गोठ्यातच. अजूनही काही घरी पाळतात. आमच्या बाबांनी त्यात स्वतःची भर घातली होती. सोमवारी सकाळी ते शेताला फेरी मारत, चारही धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, आणि हातात काही म्हणजे काही घेत नसत. विळा नाही, खुरपं नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही. हात मागे बांधून सावकाश चालायचं आणि पाहायचं.

लहानपणी मीही जायची त्यांच्या मागे. एकदा वाटेत केवढं तरी गवत माजलेलं दिसलं, म्हणून मी म्हटलं, "बाबा, विळा आणला असता तर इथलं कापून झालं असतं."

"हातात विळा असला का माणूस गवतच पाह्यते," बाबा म्हणाले. "काय झालं ते सोमवारी पाहाव. काय कराव ते मंगळवारी."

मग थांबून एखाद्या झाडाकडे एवढा वेळ पाहायचे की मी कंटाळून धुऱ्यावर बसायची. कुठल्या ओळीचं पान पिवळं पडलं, कुठे पाणी तुंबलं, कुठून रानडुक्कर शिरलं, सगळं डोक्यात. बोलायचे मात्र एखादंच वाक्य, तेही घरी आल्यावर. मला त्यात काही विशेष वाटायचं नाही. सगळ्यांचेच बाप असं करत असतील, असं वाटायचं.

पुढे बैल विकले. नांगरटीला गावातलाच ट्रॅक्टर यायला लागला आणि ट्रॅक्टरला महादेवाशी काही देणंघेणं नाही. आई गेली. मी वर्ध्याला. बाबा एकटे. पण सोमवारची फेरी काही त्यांनी सोडली नाही. गोठ्यात बैल नाहीत, तरी सुट्टी बैलांची.

मी त्यांच्याकडे महिन्यातून दोनदा जायची, एक रविवार सोडून एक. अकराच्या बसने जायचं, तीनच्या बसने परत, म्हणजे चार वाजता वही उघडायला घरी. माणसं या चौकोनात 'बाबा' असं लिहिलेलं असायचं आणि परत आल्यावर त्यापुढे खूण. मला याचा अभिमान होता. आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी जण म्हातारे आईबाप सांभाळायला वेळ नाही म्हणून रडायचे. मी म्हणायची, वेळ नसतो वगैरे काही नाही, लावायचा असतो.

त्या तीन तासांतही मी रिकामी बसायची नाही. बाबांच्या स्वयंपाकघरातले डबे काढायचे, पुसायचे, उंचीप्रमाणे ओळीत लावायचे. त्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. साखर, चहा, मीठ, तिखट. बाबा समोर बाजेवर बसलेले असायचे, धुतलेला सदरा घालून, केस विंचरून. शेजारच्या वच्छलाकाकू भाकरी आणि वांग्याची भाजी करून ठेवून गेलेल्या असायच्या. बाबा हसत असायचे. कसं चाललंय विचारलं की "मस्त" म्हणायचे. मला सगळं मस्तच दिसायचं.

ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी पाऊस उशिरापर्यंत रेंगाळला होता. गणपती उठले आणि त्यानंतरच्या एका रविवारी, मी निघताना, बाबा बाजेवरूनच म्हणाले, "बेबी, सोमवारी येशीन का एखांद्या?"

चोपन्न वर्षांच्या बाईला बेबी म्हणणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

मी म्हटलं, "सोमवारी मला सहा तास असतात, बाबा. पाहते. या सोमवारी नाही, पुढच्या."

"बरं. सकाळी येजो पण. फेरीच्या टायमाले."

वहीत लिहिलं : बाबा, सोमवार. पुढच्या आठवड्यात घटक चाचणी होती. बाण काढला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तपासणी पथक येणार होतं. बाण. मग नवरात्र, मग चाचणीचे पेपर, मग दिवाळीच्या सुट्टीत घराचं रंगकाम, कारण ते दोन वर्षं पुढे ढकललेलं होतं आणि त्याचे बाण फारच झाले होते. दर रविवारी, नाहीतर फोनवर, बाबांचं तेच. "या सोमवारी जमते का?" आणि माझं तेच. "या नाही, पुढच्या. नक्की." एकदा मी जरा चिडूनच म्हटलं, "बाबा, रविवारी येतेच ना मी? रविवार आणि सोमवारात काय फरक आहे?"

"नाई, तसा काई नाई," ते म्हणाले. "जमन तवा येजो."

मी विषय संपला असं समजले. संपलाच होता, माझ्यापुरता.

पऱ्हाटी फुटली. कापसाच्या पहिल्या वेच्याच्या दिवशी शेतात दहीभात ठेवतात, त्या दिवशीही त्यांनी बोलावलं होतं. तो गुरुवार होता, त्यामुळे प्रश्नच नव्हता. पुढच्या रविवारी गेले तर घराचा निम्मा सोपा कापसाने भरलेला. दारातून उन्हाची तिरीप आत आली की खोली आतून उजळायची. बाबा ढिगाशेजारी बसून एकेक पुंजका बोटांनी चाचपत होते, कचरा काढत होते. मला वाटलं, वेळ घालवतात बिचारे. तेव्हाही मी डबे पुसले.

आणि मग तो डिसेंबरमधला सोमवार आला. मी सकाळी कॉलेजात गेले, तर संस्थेचे कुणी जुने पदाधिकारी वारले म्हणून पहिल्याच तासाला सुट्टी. तपासायचे पेपर कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्या सरांकडे, ते घरी निघून गेलेले. मला अचानक अख्खा दिवस मिळाला आणि त्याचं काय करायचं ते कळेना. मी कंटाळा घालवायला बाबांकडे गेले. हे मला नीट लिहायचंय. त्यांनी बोलावलं होतं म्हणून नाही गेले. करायला दुसरं काही नव्हतं.

घर उघडं, बाबा नाहीत. सरळ शेताकडे निघाले. आभाळ भरून आलेलं, थंडी, आणि त्या करड्या उजेडात फुटलेली पऱ्हाटी फार पांढरी दिसत होती. लांबूनच बाबा दिसले. पलीकडच्या धुऱ्यावरून येत होते. हात मागे बांधलेले नव्हते. उजवा हात पुढे होता आणि ते तुरीच्या ओळीतलं एकेक झाड हाताने धरत, सोडत, पुढचं चाचपत येत होते. एक झाड, दोन पावलं, दुसरं झाड. मध्ये एका जागी झाड मेलं होतं. तिथे ते थांबले, हात हवेत फिरवत राहिले, मग पाय घासत घासत पुढच्या झाडापर्यंत पोचले. काठी नव्हती. सोमवार होता ना.

मी धुऱ्यावर उभी राहिले. हाक मारावी हे सुचलं नाही. ते माझ्यापासून चार हातांवर आले, तेव्हा माझ्या पायाखाली काहीतरी मोडलं. त्यांनी मान वर केली. माझ्याकडे सरळ पाहिलं.

"कोण होय?" बाबा म्हणाले.

मी एक पाऊल पुढे टाकलं.

"वच्छला काय?"

"मी आहे, बाबा."

त्यांचा चेहरा असा काही बदलला की तो मला अजून दिसतो. "बेबी? आज सोमवारच हाय ना?"

"हो."

"मंग आली तू." आणि मग लगेच त्यांनी मान वळवून वर तोंड केलं, जणू गालाला ऊन लागतं का ते पाहत होते. "पण आज आभाळ हाय व," ते म्हणाले. एवढं वाईट वाटून म्हणाले की मला वाटलं, फुटलेला कापूस भिजेल याची काळजी करतायत.

त्यांना हाताला धरून घरी आणलं. वच्छलाकाकू अंगणात होत्या. मी त्यांच्यावरच ओरडले, एवढं झालं आणि तुम्ही मला सांगितलं कसं नाही.

काकू ओरडल्या नाहीत. "मले वाटलं तुले माहीत असन," त्या म्हणाल्या. "तूच तं येतं ना दर पंधरा दिसानं. मिरगापासून त्याइले कमी दिसून राह्यलं. दसऱ्यानंतर तं लईच कमी झालं." मग म्हणाल्या, "तू गेली का आम्ही डबे परत जाग्यावर ठेवो. त्याइले हातानं सापडा लागते ना. एकडाव तिखट समजून साखर टाकली वरणात."

मी त्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. सुवाच्य अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सेवाग्रामच्या दवाखान्यात घेऊन गेले. काचबिंदू. दोन्ही डोळे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या एखाद्या विद्यार्थिनीएवढ्या, फार समजुतीने बोलल्या. डावा डोळा गेल्यातच जमा आहे. उजव्या डोळ्यात एका कडेला थोडी नजर उरलीय, भरपूर उजेड असला तर तेवढ्यातून दिसतं, घरात किंवा ढगाळ दिवशी जवळजवळ काही नाही. गेलेलं परत येत नाही. थेंबांनी उरलेलं जरा टिकेल. आधी आणलं असतं तर, असं मी विचारायला सुरुवात केली. त्यांनी ते वाक्य मला पुरं करू दिलं नाही. म्हणाल्या, कधी किती गेलं हे आता कुणी सांगू शकत नाही.

औषधाच्या रांगेपाशी बाकावर बसलो होतो. मी म्हटलं, "बाबा, मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तं तू मले वर्ध्याले नेलं असतं. खुर्चीत बसवलं असतं. शेत सुटलं असतं मायं."

"पण मला सोमवारी बोलवत होतात तुम्ही. तेव्हा तरी सांगायचं."

बाबा जरा हसले. रागावलेले असते तर बरं झालं असतं. "तू कवा येऊ, तेच विचारे व. काऊन येऊ, असं कवा विचारलंच नाई तू."

"आता विचारते. काऊन, का बोलवत होतात?"

"आता राहू दे. आता येशीनच ना तू."

त्या संध्याकाळी मी वेळापत्रकाचा मोठा कागद काढला. सोमवारचे माझे सहा तास इतर वारांना हलवायचे होते. जोशी सरांचा बुधवार माझ्या सोमवारशी बदलला, प्रयोगशाळेचा एक तास शनिवारी टाकला, आणि झालं. दहा मिनिटं लागली. मी घड्याळाकडे पाहिलं म्हणून मला ती दहा मिनिटं माहीत आहेत. मी अठ्ठावीस माणसांचे वार वर्षानुवर्षं हलवत आले होते, स्वतःचा एक वार हलवता येतो हे मला सुचलंच नव्हतं. मी त्या कागदावर डोकं ठेवून रडले. वहीत त्या रविवारी काही लिहिलं नाही.

नंतर बाबा जवळजवळ वर्षभर होते. पुढच्या वेचणीच्या आधीच गेले, याला आता तीन वर्षं झाली. शेत वच्छलाकाकूंचा मुलगा वाहतो, चांगलं वाहतो. त्या वर्षभरात मी एकही सोमवार चुकवला नाही, आणि हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाही. लोक म्हणतात, शेवटी केलंस ना, मनाला लावून घेऊ नकोस. लोकांचं काय जातंय.

वही बंद करावी असंही पुष्कळदा मनात आलं. पण वहीचा काय दोष. आठवडा लावणं वाईट नाही. मी आजही म्हणेन, तरुण पोरांनी ते करावं, निदान परीक्षेच्या वर्षात तरी. चूक एवढीच की माझी सगळी नजर उजव्या पानावर. मागच्या आठवड्यात काय झालं, कोण काय बोललं, बोलताना कुणाचा आवाज कसा होता, हे पाहायला एक सबंध वार मोकळा ठेवणारा माणूस माझ्याच घरात होता आणि मी त्याला माणसं या चौकोनात घालून वर खूण करत होते. आता डावं पान लिहिते. पुष्कळ लिहिते. लिहायला माझ्याकडे वेळ आहे आणि घडत मात्र काही नाही.

पण ते आभाळाचं राहिलं.

सेवाग्रामच्या फेऱ्या आणि तपासण्या यांत त्यानंतरचे दोन सोमवार दवाखान्यातच गेले. तिसऱ्या सोमवारी संक्रांत जवळ आली होती. रात्री मुक्कामाला गेले होते. सकाळी उठले तर आभाळ असं निरभ्र की डोळे दिपावेत. बाबा माझ्या आधीच तयार होते, सदरा घालून, केस विंचरून, दारात उभे. चहासुद्धा नको म्हणाले. चल, चल, ऊन वर येईन, असं दोनदा म्हणाले. मी त्यांचा हात धरला, आणि हात धरणं हे फेरीच्या नियमात बसतं का, असं विचारलं. ते म्हणाले, माणूस चालते, वस्तू नाई चालत.

शेत निम्मं वेचून झालं होतं. उरलेल्या ओळींवर दव होतं. मी त्यांना एकेक सांगत चालले होते, इथे बोंडं चांगली आहेत, इथे अळी दिसते, इथे तार वाकलीय. ते हं हं करत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. उगवतीकडच्या धुऱ्यावर, जिथे झाड नाही, सावली नाही, तिथे आल्यावर ते थांबले आणि माझा हात सोडला.

"इथं उभी राह्य. सूर्याकडे तोंड कर."

मी केलं. ऊन डोळ्यांवर येत होतं.

"आता माया उजव्या हाताले सरक जराशी. अजून. अजून थोडी. लई झालं, मांगं ये. हां. थांब तिथंच. हालू नको."

मी उभी राहिले. बाबा मान तिरकी करून, माझ्या खांद्याच्या पलीकडे कुठेतरी पाहत होते. मग माझ्या लक्षात आलं की पलीकडे नाही, त्या कडेच्या उरलेल्या नजरेत त्यांनी मला आणून उभं केलं होतं. घरातल्या अंधारात मी दर पंधरा दिवसांनी येऊन बसत होते आणि त्यांना दिसत नव्हते. गणपती उठल्यापासून ते मला शेतातल्या सकाळच्या उन्हात बोलावत होते, पाहायच्या वारी. वच्छलाकाकूंनी दुरून हाक मारली, तर बाबांनी हाताने त्यांना थांब म्हटलं. ते पाहत राहिले. कपाळ, मग खाली हनुवटी, मग परत वर. मी श्वाससुद्धा जपून घेत होते, हलले तर हरवेन म्हणून. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, आणि मी वेळ सांगू शकत नाही असं आयुष्यात क्वचित झालंय.

"केस पिकले व तुये," बाबा म्हणाले.

"कधीचेच, बाबा."

"तुई माय गेली तवा तिचेही एवढे नव्हते पिकले." त्यांनी हात पुढे केला, बरोबर माझ्या डोक्यावर ठेवला, आणि मग खाली घेतला. "झालं. पाह्यलं म्या तुले. आता कामात असशीन तं नाई आली तरी चालते."